मोहिमेच्या ऑनलाइन लॉगमध्ये माझा कॉल दिसत नाही, मग संपर्क झाला की नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीहून हौशी रेडिओवर, नव्याने मिळालेल्या व्हीयू३ कॉलवर (कॉल म्हणजे स्टेशनची ओळखखूण, व्हीयू ही भारताची), गच्चीवरच्या डायपोलने, म्हणजे साध्या तारेच्या अँटेनाने, तुम्ही प्रशांत महासागरातल्या एका बेटावर खास संपर्क करायला गेलेल्या मोहिमेला १५ मीटरच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यात) एसएसबीत, म्हणजे बोलून, गाठलंत. वेळ सकाळी सातच्या सुमारास. त्यांनी "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री, फाइव्ह नाइन" म्हटलं (व्हीयू३, आणि सिग्नल कसा येतोय त्याचा रिपोर्ट ५९), तुम्ही पूर्ण कॉल आणि रिपोर्ट दिलात, पलीकडून "थँक यू" आलं आणि ते पुढच्या स्टेशनकडे वळले. दोन दिवसांनी त्यांच्या ऑनलाइन लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, स्वतःचा कॉल टाकून पाहिलात तर काहीच नाही. एक मित्र म्हणतो, लॉगमध्ये नाही म्हणजे संपर्कच झाला नाही. दुसरा म्हणतो, पैसे भरून कार्ड (संपर्काची लेखी पोच) मागव, देतात ते. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की हा संपर्क धरायचा का, पुन्हा हाक मारायची का, नेटवरच्या इतक्या लॉगांपैकी कुठला वापरायचा आणि वहीची गरज उरली आहे का.

मी बरीच वर्षं डीएक्स, म्हणजे दूरच्या देशांशी संपर्क, करतोय आणि मधला काही काळ एका मोहिमेच्या क्यूएसएल (पोचेच्या) कार्डांचं काम सांभाळलंय, त्यामुळे "मी तुमच्या लॉगमध्ये का नाही" ही पत्रं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो. तुमचे दोन्ही मित्र घाई करताहेत.

लॉगमध्ये कॉल का दिसत नाही हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न असा की त्या सकाळी संपर्क पूर्ण झाला होता का? संपर्क पूर्ण व्हायला तीन गोष्टी लागतात. दोघांनी एकमेकांचे कॉल नीट ऐकलेले असावेत, दोघांनी रिपोर्टची देवाणघेवाण केलेली असावी, आणि मिळालं याची पोच दोन्हीकडून झालेली असावी. तुम्ही लिहिलेल्या प्रसंगात त्यांनी तुमचा पूर्ण कॉल एकदाही उच्चारलेला नाही. "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" एवढंच म्हटलं. त्या क्षणी भारतातून आणखी दोघे-तिघे व्हीयू३ हाका मारत असतील, तर "फाइव्ह नाइन" कुणाला आणि "थँक यू" कुणाला, हे तुम्हाला त्या पाच सेकंदांत कळायला काही मार्ग नव्हता. कदाचित तुम्हालाच असेल. कदाचित तुमचा आणि हैदराबादच्या एखाद्याचा आवाज एकावर एक पडला असेल आणि त्यांनी त्याचा कॉल लिहिला असेल.

म्हणून माझा पहिला नियम, आणि तो नेट नसतानाही हाच होता: पलीकडच्याच्या तोंडून स्वतःचा पूर्ण कॉल ऐकल्याशिवाय संपर्क झाला असं मानायचं नाही. अर्धा कॉल घेऊन रिपोर्ट दिला, तर तुम्ही पूर्ण कॉल दोनदा द्या आणि त्यांच्या उत्तरात तो येतो का याकडे कान द्या. चांगला ऑपरेटर शेवटी "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री अमुक अमुक अमुक, थँक यू" असं म्हणतोच. नाही म्हटला तर "माय कॉल इज…" करून एकदाच, शांतपणे, पुन्हा सांगा. पाइल-अप, म्हणजे एकाच वेळी हाका मारणाऱ्यांची गर्दी, अडवल्यासारखं वाटतं, संकोच होतो, मान्य. पण तुम्ही खर्च केलेले ते चार सेकंद पुढच्या चार ईमेल वाचवतात.

आता ऑनलाइन लॉग म्हणजे नेमकं काय ते पाहू. बेटावर तंबूत बसलेल्या ऑपरेटरने कानाला जे ऐकू आलं ते संगणकात टाइप केलं, आणि त्या टायपिंगची प्रत सॅटेलाइटवरून किंवा परतल्यावर वर चढवली. बस, एवढंच. किराणा दुकानदाराच्या वहीत तुमच्या नावापुढे काय लिहिलंय ते दुकानदाराने लिहिलेलं असतं, तुमची वही वेगळी. दोन्ही वह्या स्वतंत्रपणे लिहिलेल्या असल्या आणि तरी जुळल्या, तरच त्या जुळण्याला अर्थ आहे. तुम्ही त्यांची वही बघून तुमची भरलीत तर दोन वह्या राहत नाहीत, एकीच्या दोन प्रती होतात.

तुम्ही पाहिलंत ते बहुधा क्लब लॉग. ब्रिटनचे मायकेल वेल्स, कॉल जी७व्हीजेआर, यांनी सुरू केलेली ही सोय आज बहुतेक मोठ्या मोहिमा वापरतात. त्यात स्वतःचा कॉल टाकला की बँड आणि मोडचा (संपर्काच्या पद्धतीचा) एक तक्ता येतो आणि जिथे संपर्क नोंदलाय तो चौकोन भरलेला दिसतो. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल: तक्त्यात वेळ दिसत नाही. ही उणीव मुळीच नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. तारीख आणि मिनिट उघडं ठेवलं, तर न झालेल्या संपर्काचं कार्ड मागणं कुणालाही सोपं जाईल. कार्ड हवं असेल तर तुम्ही तुमच्या लॉगमधली वेळ द्यायची आणि ती त्यांच्याशी जुळते का ते पाहिलं जातं. वह्या वेगळ्या ठेवण्याचा आग्रह इथे यंत्रणेतच बसवलेला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

याच कारणाने तुमच्या बाबतीत एक शंका लगेच बाद होते. "माझी वेळ चुकली असेल म्हणून मी दिसत नसेन का?" असं तुम्ही विचारलंय. नाही. या शोधात वेळ विचारलीच जात नाही, त्यामुळे वेळेच्या चुकीने तुम्ही तिथून गायब होणार नाही. वेळ घोटाळा करते ती दुसरीकडे, त्याकडे नंतर येतो.

मग कारणं कोणती उरतात?

सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळा खरं ठरणारं कारण म्हणजे तो लॉग अजून वर चढलेलाच नाही. बेटावर तीन-चार रेडिओ एकाच वेळी चालू असतात, प्रत्येकाचा संगणक वेगळा, जनरेटर बंद-चालू, वाऱ्याने सॅटेलाइटची डिश हललेली. एका तंबूतला लॉग आला आणि दुसऱ्यातला राहिला असं होतं. लॉगच्या पानावर त्यात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे संपर्क आहेत ते दिलेलं असतं. तुमची वेळ त्या मर्यादेत येते का हे आधी पाहा. येत नसेल तर काही करायचं नाही, थांबायचं. आणि येत असली तरी एक-दोन दिवस द्या, कारण शेवटची वेळ दाखवणारा संपर्क सीडब्ल्यूच्या (मोर्सच्या) तंबूतला असू शकतो आणि तुमचा एसएसबीचा तंबू मागे राहिलेला असू शकतो.

दुसरं कारण, कॉल चुकीचा ऐकला गेला. आपल्या व्हीयूवाल्यांच्या नशिबी हे जरा जास्तच येतं, विशेषतः मोर्समध्ये. व्ही म्हणजे तीन डिट (आखूड आवाज) आणि एक डा (लांब आवाज). ४ हा आकडा म्हणजे चार डिट आणि एक डा. सिग्नल कमी-जास्त होताना, किंवा आपल्याच हाताने कीवर एक डिट जास्त पडला, की "व्हीयू"चं "४यू" होतं, आणि ४यू हा संयुक्त राष्ट्रांच्या स्टेशनांचा खराखुरा प्रिफिक्स (कॉलची सुरुवात) असल्यामुळे पलीकडच्याला शंकाही येत नाही. २ म्हणजे दोन डिट आणि तीन डा, ३ म्हणजे तीन डिट आणि दोन डा. ध्रुवावरून थरथरत आलेल्या सिग्नलवर व्हीयू२ आणि व्हीयू३ यांची सहज अदलाबदल होते. शेवटच्या अक्षरांत एस किंवा एच सारखी नुसत्या डिटांची चिन्हं असतील तर मोजणाऱ्याचा कान आणखी फसतो. एसएसबीत हा त्रास वेगळ्या रूपात येतो. आपल्या उच्चारातला "व्ही" आणि "डब्ल्यू" परदेशी कानाला जवळजवळ सारखे लागतात, म्हणून "व्हिक्टर" हा शब्द पूर्ण आणि सावकाश म्हणायचा, आणि घरगुती फोनेटिक्स (अक्षरांसाठी स्वतःच ठरवलेले शब्द) वापरायचे नाहीत. कार्डांच्या कामात मला आलेल्या "मी लॉगमध्ये नाही" पत्रांपैकी पुष्कळांचा उलगडा नेमका असाच व्हायचा: पत्रातल्या मिनिटाला, त्याच बँडवर, एका अक्षराने वेगळा कॉल बसलेला असायचा.

तुम्हाला हे स्वतःलाही थोडं तपासता येतं. तुमच्या कॉलशी एका अक्षराने किंवा आकड्याने मिळतेजुळते दोन-तीन कॉल शोधून पाहा. सापडला म्हणून तो तुमचाच, असं मात्र ठरवू नका. तो कॉल खरोखर कुणाचातरी असू शकतो आणि त्यानेही त्याच सकाळी हाक मारली असू शकते. ते ठरवण्याचं काम ज्याच्याकडे पूर्ण लॉग आहे त्याचं.

तिसरं, बँड चुकीचा पडला. ऑपरेटर बदलला, रेडिओ आणि संगणक यांच्यातली केबल सुटली, बँड बदलल्यावर लॉगमध्ये बदलायचं राहिलं, की अख्खा तासभराचा १५ मीटरचा लॉग १७ मीटरवर जाऊन बसतो. म्हणून तक्त्यात फक्त तुमचा चौकोन पाहू नका, सगळी ओळ पाहा. अशा चुका मोहीम परतल्यावर बहुधा सापडतात आणि दुरुस्त होतात, कारण एकाच वेळी शंभर लोक तक्रार करतात.

चौथं कारण सांगायला वाईट वाटतं, पण आहे: ते स्टेशन खोटं असू शकतं. गाजलेल्या मोहिमेचा कॉल घेऊन कुणीतरी आपल्या घरातून हाका घेत बसतो. सिग्नल त्या वेळेला, त्या दिशेने, इतका जोरात यायला हवा होता का, हे स्वतःला विचारायची सवय लावा. सकाळी सातला, म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०१:३० ला, १५ मीटरवर प्रशांत महासागर आपल्याकडे उघडणं अगदी पटण्यासारखं आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही शंका मी फारशी घेणार नाही. हा उपद्रव एफटी८ या संगणकाने चालणाऱ्या मोडमध्ये इतका वाढला की २०२४च्या ऑगस्टमध्ये जार्व्हिस बेटावरच्या एन५जे मोहिमेने सुपरफॉक्स नावाची पद्धत वापरली. तिच्यात पाठवणारा खरा आहे याची डिजिटल सही सिग्नलसोबतच येते.

आणि पाचवं कारण वर आलंच: संपर्क पूर्णच झाला नव्हता.

आता करायचं काय. मोहीम अजून बेटावर असेल आणि तुमच्या वेळेनंतरचा लॉग वर चढलेला असूनही तुम्ही दिसत नसाल, तर सरळ पुन्हा हाक मारा. त्याच बँडवर, त्याच मोडमध्ये. काही जण म्हणतील की एकदा केलेलं स्टेशन पुन्हा करणं म्हणजे दुसऱ्याची संधी खाणं. कारण नसताना, निव्वळ मनाच्या समाधानासाठी तीन-तीनदा केलं तर खरंच तसं होतं, आणि तो प्रकार मला अजिबात आवडत नाही. किंबहुना ऑनलाइन लॉगचा सगळ्यात मोठा फायदा हाच झाला की असे "खात्रीसाठी" केलेले जादा संपर्क कमी झाले. पूर्वी कार्ड येईपर्यंत महिनोन् महिने काही कळायचं नाही, म्हणून माणूस दुसऱ्यांदा करून ठेवायचा. आता तक्ता भरलेला दिसला की गप्प बसता येतं. पण तुमच्याकडे शंका घ्यायला सबळ कारण आहे, तेव्हा तुमचा दुसरा प्रयत्न रास्तच आहे.

मोहीम संपली असेल तर ईमेल करा, पण त्यांनी सांगितलेल्या ठिकाणीच आणि सांगितलेल्या वेळेनंतर. पुष्कळ मोहिमा स्पष्ट लिहितात की घरी पोहोचेपर्यंत लॉगच्या दुरुस्त्या करणार नाही. ते पाळा. पत्रात तारीख आणि वेळ यूटीसीमध्ये, फ्रीक्वेन्सी, मोड, तुम्ही त्यांच्या फ्रीक्वेन्सीच्या किती वर (स्प्लिटमध्ये) हाक मारत होतात, त्यांनी काय म्हटलं आणि तुम्ही काय ऐकलं, एवढंच लिहा. "पूर्ण कॉल परत ऐकू आला नाही" हेही प्रामाणिकपणे लिहा. टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगतो, असं पत्र आलं की आपण आपणहून लॉग उघडून ते मिनिट शोधतो. त्याच वेळेच्या आधी-नंतर कोण होतं हे दिसतं, आणि अक्षर चुकलंय का याचा निवाडा दोन मिनिटांत होतो. उलट "माझा हा नवीन देश आहे, कृपया लॉगमध्ये घाला" असं पत्र आलं की हात आखडतो. आणि एकदा नकार आला की विषय संपला. पैसे भरून कार्ड मागव म्हणणाऱ्या मित्राला हेच सांगा: पैसे हे टपाल आणि छपाईसाठी असतात, नोंदीसाठी नसतात. नोंद नसेल तर कुठलाही सरळ मॅनेजर कार्ड पाठवत नाही.

याची दुसरी बाजू कुणी विचारत नाही, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. समजा तक्त्यात तुम्ही न केलेला चौकोन भरलेला दिसला तर? तुम्ही ३० मीटरवर कधी गेलाच नाहीत आणि तिथे तुमचा कॉल आहे. होतं असं. कुणाचातरी कॉल तुमचा म्हणून ऐकला गेलेला असतो. तो संपर्क तुमचा नाही. त्यावर कार्ड मागायचं नाही, आपल्या लॉगमध्ये घालायचा नाही, पुरस्कारासाठी तर मुळीच नाही. डीएक्ससीसी या किती देश गाठले त्यावरच्या पुरस्काराच्या यादीत आज ३४० देश-प्रदेश आहेत आणि पहिलं प्रमाणपत्र १०० वर मिळतं. त्या शंभरातला एकही असा "सापडलेला" नसावा असं मला मनापासून वाटतं.

एफटी८मध्ये हाच पेच जरा बारीक होतो. तुम्ही त्यांचा रिपोर्ट घेतलात, तुमचा "आर" (मिळाला) सह पाठवलात, आणि शेवटची पोच, आरआर७३, तुमच्या पडद्यावर आलीच नाही, सिग्नल बुडाला. त्यांच्या बाजूने आरआर७३ पाठवलं की संपर्क नोंदला जातो, त्यामुळे थोड्या वेळाने लॉगमध्ये तुमचा चौकोन भरलेला दिसतो. धरायचा का? अनेक चांगले ऑपरेटर धरतात आणि त्यांच्याशी मी भांडत नाही. मी धरत नाही. माझ्यापर्यंत पोच रेडिओवरून आली नाही, वेबपानावरून आली, आणि माझ्या दृष्टीने ती संपर्काचा भाग नाही. तुम्ही आपला निर्णय घ्या, पण एकदा घेतलात की सगळ्या संपर्कांना तोच लावा. शंका आली तर एफटी८चा प्रोग्रॅम डब्ल्यूएसजेटी-एक्स आपल्या ऑल.टीएक्सटी फाइलमध्ये डीकोड झालेली प्रत्येक ओळ साठवून ठेवतं. तिथे ते मिनिट उघडून पाहा, कधीकधी पडद्यावरून निसटलेलं आरआर७३ तिथे शांतपणे बसलेलं सापडतं.

बेटांवर आता वेगवान सॅटेलाइट इंटरनेट पोहोचल्यामुळे काही मोहिमांचा लॉग मिनिटभरात दिसतो. मी स्वतः याचं स्वागत करतो, पण एक सवय बिघडताना पाहतोय. माणसं रेडिओवर अर्धवट ऐकतात आणि ब्राउझर रीफ्रेश करत बसतात. चौकोन भरला की झालं. चंद्रावरून सिग्नल परतवून संपर्क करणाऱ्या मंडळींत जुना दंडक आहे की संपर्क चालू असताना त्याबद्दलची माहिती नेटवरून घ्यायची नाही. तीच शिस्त एचएफवर, म्हणजे आपल्या या नेहमीच्या बँडांवर, लावायला काय हरकत आहे? आधी ऐका, आधी आपल्या लॉगमध्ये लिहा, मग तक्ता उघडा.

कुठला लॉग वापरायचा या तुमच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, तुम्हाला काय हवंय त्यावर ते अवलंबून आहे. पुरस्कार हवे असतील तर एआरआरएल या अमेरिकेतल्या हौशी रेडिओ संघटनेचं लॉगबुक ऑफ द वर्ल्ड टाळता येत नाही. २००३पासून ते चालू आहे. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की पलीकडच्याने काय चढवलंय ते तुम्हाला दिसतच नाही. दोघांनी आपापला लॉग डिजिटल सहीने पाठवायचा. कॉल, बँड, मोड जुळले आणि वेळ ३० मिनिटांच्या आत जुळली, तरच संपर्क पक्का झालेला दिसतो. ईक्यूएसएल या ऑनलाइन कार्डांच्या सोयीत समोरच्याचं कार्ड तुमच्या पेटीत आधी येऊन पडतं, मग तुम्ही ते आपल्या लॉगशी ताडून पाहायचं. छान दिसतं, मैत्रीला बरं, पण त्यात मोह जास्त. क्लब लॉग तुमची स्वतःची प्रगती पाहायला आणि कार्ड मागवायला उत्तम. आणि कागदी कार्डाची आवड असेल तर भारतात एआरएसआय या हौशी रेडिओ संघटनेचा क्यूएसएल ब्यूरो (कार्डांची देवघेव करणारी सोय) आहेच. सवडीने येतात कार्डं, पण येतात.

वेळेचा घोटाळा होतो तो लॉगबुक ऑफ द वर्ल्डमध्ये आणि कार्ड मागताना, आणि तोही बहुतेक आपल्याच लोकांचा. सगळी नोंद यूटीसीत करायची, आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. वजाबाकी सगळ्यांना जमते. चुकते ती तारीख. यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. तुम्ही १२ तारखेला पहाटे ४:५० ला संपर्क केलात तर लॉगमध्ये ११ तारीख, २३:२० असं हवं. माणूस वेळ बरोबर लिहितो आणि तारीख दारावरच्या कॅलेंडरची लिहितो. मग चोवीस तासांच्या फरकाने काही जुळत नाही आणि तो मोहिमेला दोष देत राहतो. शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, यूटीसी दाखवणारं वेगळं घड्याळ ठेवा, तारखेसकट. काही जण संगणकाचा टाइम झोन नुसता पाच तासांचा करून ठेवतात; मग अर्ध्या तासाचा फरक पडतो आणि नोंद जुळण्याच्या मर्यादेवर लटकत राहते, एखादा संपर्क जुळतो, एखादा नाही.

नोंदणीबाबत दोन गोष्टी आजच करून ठेवा. लॉगबुक ऑफ द वर्ल्डसाठी अमेरिकेबाहेरच्यांना परवान्याची आणि आणखी एका ओळखपत्राची प्रत पाठवावी लागते, मग टीक्यूएसएल या प्रोग्रॅममध्ये तुमच्या कॉलचं सर्टिफिकेट येतं. त्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर आणि आणखी एका जागी ठेवा. हार्डडिस्क गेली आणि बॅकअप नसला तर पुन्हा अर्ज. ते तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. आणि उद्या ग्रेड वाढवून तुमचा कॉल बदलला, तर जुन्या कॉलचं सर्टिफिकेट टाकून देऊ नका. व्हीयू३ कॉलवर केलेले संपर्क त्याच कॉलने, त्याच तारखांच्या मर्यादेत चढवायचे असतात. लोकेटर (नकाशावरच्या जागेचा कोड) भरताना सांगलीचा एमके७६ येतो. मुंबईचा एमके६९ किंवा पुण्याचा एमके६८ कुणाच्या तरी फाइलमधून उचलू नका.

आता वहीचं. आपल्या १९७८च्या हौशी रेडिओ नियमांतच लॉग ठेवणं सांगितलेलं होतं, पण मी नियमाच्या धाकाने सांगत नाही. मे २०२४च्या मध्यापासून १ जुलैपर्यंत लॉगबुक ऑफ द वर्ल्ड बंद होतं, कारण एआरआरएलच्या संगणकांवर हल्ला झाला होता. सदस्यांचा डेटा सुखरूप राहिला, पण ज्यांचा लॉग फक्त नेटवरच होता त्यांनी ते दीड महिने कसे काढले असतील याचा विचार करा. मूळ लॉग तुमच्या घरात हवा. लॉगिंगचा कुठलाही प्रोग्रॅम वापरा. तो एडीआयएफ फाइल काढून देतो, ती साधी मजकूर फाइल असते आणि कुठेही उघडते. दर रविवारी एक प्रत काढून ठेवा. नेटवरच्या सगळ्या जागा या त्या फाइलच्या प्रती आहेत.

कागदाची वही मी अजून रेडिओशेजारी ठेवतो, आणि तुम्हीही ठेवा असं सांगेन. संगणकात "५९" लिहिलं जातं आणि गोष्ट संपते. वहीत तुम्ही लिहिता: "कॉल पूर्ण ऐकला नाही. ऑपरेटर बाई, हळू बोलतात. ५ ते १० किलोहर्ट्झ वर ऐकत होते. दोनदा हाक, दुसऱ्यांदा घेतलं." महिन्याने शंका आली तर त्या ओळीवर विसंबता येतं. तुम्ही मला प्रश्नात इतका तपशील देऊ शकलात, तो आठवणीतून दिलात. पुढच्या वेळी तो वहीतून द्या.

तेव्हा तुमच्यापुरतं: लॉगची शेवटची वेळ पाहा, मिळतेजुळते कॉल आणि १५ मीटरच्या आजूबाजूचे बँड पाहा. तुमच्या लॉगमध्ये त्या सकाळची नोंद खोडू नका, पण तिच्यापुढे "अनिश्चित" लिहा. मोहीम आणखी काही दिवस बेटावर आहे असं तुम्ही म्हणता. सध्या सूर्याची मेहरबानी आहे, १५ मीटर सकाळी साडेसहापासून प्रशांत महासागराकडे बऱ्यापैकी उघडं असतं. डायपोल पूर्व-ईशान्येला रोखलेला नसेल तर एक टोक हलवून पाहा. पाइल-अपच्या अगदी कडेला, जिथे ते शेवटचा कॉल घेत होते त्याच्या जरा वर, हाक मारा. "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" आणि पुढची तिन्ही अक्षरं सावकाश, सरळ आवाजात. त्यांनी अर्धा कॉल घेतला तर पूर्ण दोनदा द्या. पूर्ण परत ऐकू आला की वहीत लिहा, यूटीसीत. तक्ता दुसऱ्या दिवशी पाहिलात तरी चालेल.

७३